जुन्या गाडीत पेट्रोलच्या वाफेची गळती शोधताना

सोलापूरच्या उन्हात रबर लवकर तडकतं. म्हणून पी०४४२ किंवा पी०४५५ (स्कॅनरवर दिसणारे वाफेच्या गळतीचे कोड) आला की आधी टाकीचं झाकण बघा. त्याच्या गॅस्केटवर, म्हणजे रबरी कड्यावर, नख फिरवा. चीर लागली तर झाकणच बदला.

मग पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये (कोळशाच्या डब्यात) साठते, आणि हा व्हॉल्व्ह ती इंजिनात सोडतो. थंड इंजिन सुरू करा, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं जात असेल तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नसेल, तर बहुतेकदा कारण हेच.

कॅनिस्टरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर तो बदलावाच लागतो. नोझल आपोआप थांबल्यावर आणखी पेट्रोल अजिबात भरून घेऊ नका, कॅनिस्टर त्यानेच भिजतो. एवढ्यावर सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.