पिवळ्या मातीतून अजिंठ्याचा तांबडा: खनिज रंग घरी कसा करावा

इ. स. ५व्या शतकात अजिंठ्याच्या चित्रकारांनी वापरलेले बहुतेक रंग माती-दगडांचेच आहेत. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, हिरव्यासाठी दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे हिरवे खनिज, काळ्यासाठी काजळी. निळ्यासाठीचा लाजवर्द हा दगड तेवढा दूर बदख्शानातून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून येत असे. यातले पिवळा आणि तांबडा हे दोन्ही रंग एकाच मातीतून काढता येतात. ते कसे काढायचे, ते इथे सांगतो.

पिवळ्या मातीला रंग देतो गोथाइट. या खनिजात लोह आणि ऑक्सिजनबरोबर हायड्रोजनही बांधलेला असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवले की तो पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातो आणि उरतो हेमॅटाइट. गेरू लाल दिसतो तो याच खनिजामुळे. शुद्ध गोथाइटचे वजन या बदलात सुमारे १० टक्क्यांनी घटते. मातीत चिकणमाती आणि वाळूही असल्याने तुमचा आकडा वेगळा येईल.

माती निवडणे

कोकणातल्या जांभ्याच्या खाणीत पिवळसर पट्टे दिसतात. इतरत्र रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत किंवा विहिरीच्या उपशात शोधा. जागामालकाला विचारून अर्धा किलो माती घ्या, तेवढी पुष्कळ झाली. ओली करून अंगठ्याने चोळा. धुतल्यावरही बोटावर पिवळा डाग राहिला तर माती कामाची.

लेण्यांच्या किंवा जुन्या वास्तूंच्या परिसरातून चिमूटभरही माती उचलू नका, आणि तिथल्या भिंतींना हात लावू नका. तिथला प्रत्येक कण म्हणजे पुरावा आहे.

दुसरी ताकीद जिवाची. पिवळी दिसणारी प्रत्येक पूड भाजायची नसते. हरताळ हे खनिज पिवळेच असते, पण त्यात आर्सेनिक आहे आणि तापवल्यावर विषारी धूर निघतो. मनशीळ हे नारिंगी-तांबडे खनिजही तसेच. हिंगुळ या तांबड्या खनिजात पारा असतो. बाजारातल्या पिवळ्या पुडीत शिशाचे संयुग असू शकते. म्हणून स्वतः खणलेल्या मातीखेरीज काहीही तव्यावर टाकू नका.

धुणे

रंगाचा दर्जा या पायरीवर ठरतो, तेव्हा इथे घाई नको. मुळे, पाने, खडे वेचून काढा. माती दोन-अडीच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी हाताने कुस्करा आणि जोरात ढवळून थांबा. वाळू जड आणि मोठी, ती आधी बसते. दहा सेंटीमीटर खोल पाण्यात ०.०६ मिलिमीटरचा वाळूचा कण सुमारे अर्ध्या मिनिटात तळ गाठतो, ०.०२ मिलिमीटरच्या कणाला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. कण निम्मा झाला की वेळ चौपट होतो. म्हणून ढवळल्यावर एक मिनिट थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले, तर जाड वाळू मागे राहते. पाच मिनिटे थांबलात तर आणखी बारीक रंग हाती येतो. तळाच्या गाळात पुन्हा पाणी घालून हेच दोन-तीनदा करा.

जमवलेले गढूळ पाणी झाकून ठेवा. एक-दोन दिवसांत रंग तळाशी बसेल. वरचे नितळ पाणी अलगद काढून नवे घाला. यामुळे मातीतले क्षार निघून जातात. ते राहिले तर चित्र वाळल्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे फुलतात. पावसाचे किंवा गाळणयंत्राचे पाणी मिळाले तर उत्तम. शेवटी सुती कापडातून गाळून ताटात सावलीत वाळवा. हा झाला पिवळा रंग. यातला निम्मा बाजूला ठेवा.

भाजणे

उरलेला निम्मा कुटून वस्त्रगाळ करा. नाकातोंडावर मास्क हवाच. कारण मातीतल्या बारीक वाळूची धूळ फुप्फुसांना घातक असते. एक जुना लोखंडी तवा या कामासाठीच राखून ठेवा, पुन्हा त्यावर भाकरी नको. उघड्यावर, मध्यम आचेवर पूड पातळ पसरून उलथन्याने सतत हलवत राहा. पिवळा आधी नारिंगी-तपकिरी होईल, मग तांबडा.

गरम असताना हेमॅटाइट गडद, जवळजवळ काळपट दिसतो. तेवढ्यावरून रंग ठरवू नका. दर पाच मिनिटांनी चिमूटभर पूड पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर काढा, थंड होऊ द्या, शेजारी वेळ लिहा. अशी रांग लावली की हवी ती छटा पुन्हा काढता येते. मला तरी ही रांग तयार रंगाइतकीच मोलाची वाटते. पूड नीट हलवली नाही आणि मातीत पालापाचोळा राहिला, तर हवेअभावी काही लोह वेगळ्याच रूपात जाते, रंग तपकिरी-काळा पडतो आणि चुंबकाला चिकटतो. भट्टीत ८००-९०० अंशांवर नेल्यास कण मोठे होऊन तांबडा जांभळट होतो, पण तव्यावर ती उष्णता मिळत नाही.

घोटणे आणि लावणे

पूड काचेवर किंवा गुळगुळीत दगडी खलात थोडे पाणी घालून घोटा. बोटांत खरखर लागेनाशी झाली की पुरे. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि थोडा थोडा मिसळा. वाळलेल्या रंगावर बोट फिरवल्यावर पूड निघाली तर डिंक कमी. चकाकला किंवा तडे गेले तर जास्त. मधाचे दोन थेंब घातले की तडे कमी पडतात.

ही पूड ॲक्रिलिकमध्ये मिसळू नका. कारखान्यातल्या लोह-रंगाचे कण एकसारखे असतात आणि सपाट बसतात. मातीच्या रंगात लहान-मोठे कण, चिकणमाती, गारेचे बारीक चुरे सगळेच असते, त्यामुळे पातळ थरातून प्रकाश आत जातो. प्लास्टिकच्या थराखाली ते झाकले जाते. ओल्या चुन्यावर मात्र हा तांबडा छान बसतो. गोवा आणि तळकोकणातल्या देवळांवरचे कावीकाम जांभ्या मातीच्या लाल रंगाचे आणि चुन्याचेच.

कोरडी पूड काचेच्या बरणीत वर्षानुवर्षे टिकते. डिंक कालवलेला रंग मात्र काही दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच कालवा. बरणीवर मातीची जागा, धुताना थांबलेली मिनिटे आणि भाजण्याचा वेळ लिहून ठेवा.