गंजाचा ओघळ भांड्यावर कसा आणायचा

खिडकीच्या लोखंडी गजांखाली पावसाने भिंतीवर ओढलेले गंजाचे ओघळ मला फार आवडतात. माझ्या निम्म्या मातीच्या भांड्यांचे रंग तिथूनच आले आहेत. असं काही आवडलं की नुसता फोटो काढून थांबू नका. वहीत शब्दांत लिहा: वर दाट, खाली विरळ, एक कड धारदार, दुसरी पुसट, मधूनमधून उघडी भिंत. यातल्या प्रत्येक शब्दाचं स्टुडिओत काहीतरी करता येतं. दाट-विरळ थराच्या जाडीने साधतं, धारदार कड ओल्या मातीत कोरून काढता येते, उघड्या भिंतीसाठी तेवढी माती ग्लेझशिवाय, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणाऱ्या लेपाशिवाय, सोडायची.

मग चाचणीचे तुकडे करा. सपाट तुकडे नकोतच, कारण ग्लेझ किती वाहतं ते उभ्या अंगावरच कळतं. मातीच्या पट्ट्या काटकोनात वाकवून उभ्या राहतील अशा करा, निम्म्या भागावर गोणपाट दाबून खरखरीतपणा आणा. पूर्ण वाळल्यावर १००० अंश सेल्सिअसच्या आसपास बिस्क करा, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी. नंबर मागच्या बाजूला आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने लिहा, पेन्सिलीचा भट्टीत जळून जातो.

गंज हे लोखंडाचंच ऑक्साइड, तेव्हा रंगासाठीही तांबडं आयर्न ऑक्साइडच घ्यायचं. पारदर्शक ग्लेझची कोरडी भुकटी दोन भांड्यांत सारख्या वजनाने घ्या. एकात दर १०० ग्रॅमला १० ग्रॅम आयर्न ऑक्साइड घाला, दुसरं तसंच ठेवा. पाणी घालून दोन्ही सारख्याच पातळीपर्यंत आणा आणि ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळा. आता चमच्याने मोजत चला: नऊ चमचे साधं नि एक लोखंडाचं, मग आठ-दोन, सात-तीन, म्हणजे साधारण १, २, ३ टक्के लोखंड. एका बैठकीत फिकट ते गडद अशी सगळी चढण तयार होते. भुकटी हाताळताना मास्क हवाच, आणि नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

विजेच्या भट्टीत १-२ टक्क्यांना फिकट पिवळसर छटा येते, पुढे ती मधासारखी होते आणि ८ ते १० टक्क्यांना गडद तपकिरी किंवा काळी. गॅसच्या भट्टीत हवा कमी करून रिडक्शन केलं तर तेच १-२ टक्के हिरवट-निळसर सेलाडॉन देतात. म्हणून वहीत टक्क्यांच्या शेजारी भट्टी कोणती आणि ती किती सावकाश थंड केली हेही लिहा.

प्रत्येक मिश्रणात एकेक तुकडा तीन सेकंद बुडवा, सुकला की वरचा अर्धा भाग पुन्हा बुडवा. भाजून आल्यावर दोन थर मिळतात ती रेघ उन्हात धरून नीट बघा. गोणपाटाच्या उठावांवर ग्लेझ पातळ होऊन तांबूस कडा फुटलेल्या दिसतील. मी तुकडा निवडते तो या कडांवरून, मधल्या रंगावरून नाही.

निवडलेलं ग्लेझ आधी लहान वाटीवर लावा. जाड थर वाहतो, तेव्हा तळापासून बोटभर जागा कोरी सोडा आणि वाटीखाली बिस्क केलेली चकती ठेवा, म्हणजे ओघळ खाली आलाच तरी भट्टीची फळी वाचते.