विंडोज ११ टाकायचं का? आधी बघा, कॉम्प्युटरमध्ये कोणाची कागदपत्रं आहेत

नागपूरच्या महाल भागात माझं हिशेब आणि कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. पार्ट्या, म्हणजे माझे ग्राहक, बहुतेक इतवारी आणि गांधीबागेतल्या: किराण्याचे ठोक व्यापारी, कापडवाले, काही सराफ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जो येतो तो विचारतो, "ताई, अकरा टाकू का? त्यात म्हणे सगळं रेकॉर्ड होते." शंका रास्त आहे. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे हे न बघता "टाका" किंवा "टाकू नका" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आधी एक कोरा कागद घ्या. घरातल्या, दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव लिहा आणि पुढे लिहा, यात कोणाची माहिती आहे. माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये शंभर लोकांचे पॅन, आधारचे स्कॅन, बँक स्टेटमेंट, वाटणीपत्रं, सराफांच्या स्टॉकच्या याद्या आहेत. कोणाकडे किती सोनं आहे हे त्यांच्या घरातही सगळ्यांना ठाऊक नसतं, मला ठाऊक असतं. ही माहिती माझ्या मालकीची नाही, ती माझ्याकडे विश्वासाने ठेवलेली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्यानंतर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. म्हणजे दुसऱ्याची कागदपत्रं नीट सांभाळणं हा आता निव्वळ चांगुलपणाचा भाग उरलेला नाही.

घरचा लॅपटॉप वेगळा. त्यावर सासूबाई कीर्तनं ऐकतात, नातवाचे फोटो बघतात. त्याचा निर्णय ऑफिसच्या लॅपटॉपसारखा असण्याचं कारण नाही.

"मी दहावरच राहतो, ते बरं"

हे मला सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि मला ते पटत नाही. कंपनीकडे माहिती जाते ती अकरापासून, असं लोकांना वाटतं. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं तेव्हापासूनच ते निदानाच्या नावाखाली माहिती पाठवतं. २०१६ मध्ये फ्रान्सच्या डेटा नियामकाने त्यावरून मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली, २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या नियामकाने कायद्याचा भंग होतो असं म्हटलं, आणि मग कंपनीला पर्याय स्पष्ट करावे लागले. तेव्हा दहावर थांबून ही माहिती थांबत नाही. थांबतात ते फक्त सुरक्षेचे अपडेट.

आणि अपडेट थांबले की काय होतं ते मे २०१७ मध्ये जगाने बघितलं. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला, फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. ज्या भगदाडातून तो शिरला त्याचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला होता, तरी परिस्थिती इतकी वाईट झाली की मायक्रोसॉफ्टला त्यासाठीही अपडेट काढावा लागला.

मायक्रोसॉफ्टला मी किती वेळ कुठलं ॲप वापरते हे कळणं मला आवडत नाही. पण माझ्या पार्टीची बँक स्टेटमेंट एखाद्या चोराच्या हाती लागणं, हे त्याहून कितीतरी मोठं नुकसान आहे. म्हणून माझं ठाम मत: दुसऱ्यांची कागदपत्रं, चालू इंटरनेट आणि बंद झालेले अपडेट, या तिन्ही गोष्टी एका कॉम्प्युटरमध्ये एकत्र असता कामा नयेत. तिघांपैकी एक तरी काढायचीच.

ज्यांच्याकडे क्रॅक केलेलं विंडोज आहे त्यांना मी स्पष्ट सांगते की खासगीपणाची चर्चा तुमच्यासाठी पुढची आहे. ॲक्टिव्हेट करायला जी फाइल चालवली ती कोणी बनवली, तिच्यात आणखी काय आहे, हे तुम्हाला माहीत नाही आणि ती टाकून देणाऱ्या पोरालाही माहीत नाही. आधी ते काढा.

मशीन पात्र आहे का

हे पाच मिनिटांचं काम. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप आहे, ते सांगतं. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. टीपीएम नाही असं दिसलं तरी लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मदरबोर्डवर ते असतं पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलवाल्यांनी 'पीटीटी' आणि एएमडीवाल्यांनी 'एफटीपीएम' हा पर्याय शोधावा.

मशीन पात्र नसेल तर सीताबर्डीच्या बाजारात कोणीतरी म्हणेलच, "टाकून देतो न ताई, काही होत नाही." तपासणी चुकवून अकरा टाकता येतं, हे खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी हा खटाटोप, तेच बेभरवशाचे. मी नाही म्हणते.

दहालाच आणखी मुदत हवी असेल तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टकडे चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. पण पैसे भरले तरी नोंदणीला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतंच. म्हणजे अकाउंट नको म्हणून अकरा टाळणाऱ्यांना ही पळवाट उपयोगाची नाही. धंद्याच्या मशीनसाठी दर वेगळा: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. इतक्या पैशात जुन्या मशीनला जगवण्यापेक्षा ते नव्यात घातलेले बरे.

नक्की काय, कुठे जातं

'सगळं रेकॉर्ड होते' ही भीती आली 'रिकॉल'मुळे. थोड्या थोड्या वेळाने स्क्रीनचे फोटो काढून ठेवायचे आणि नंतर त्यात शोधता यायचं, असं हे फीचर मे २०२४ मध्ये जाहीर झालं. गदारोळ झाला, कंपनीने ते मागे घेऊन बदललं आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आणलं. ते फक्त 'कोपायलट प्लस' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या मशीनवर चालतं आणि आपण स्वतः चालू केल्याशिवाय सुरू होत नाही. तुमच्या पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर अकरा टाकल्याने रिकॉल येणार नाही. नवं मशीन घेत असाल तर सुरुवातीला तो प्रश्न येईल, तिथे नको म्हणा. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर मी तो कधीही चालू करणार नाही.

मला रिकॉलपेक्षा वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची, जास्त काळजी वाटते, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हवर चढायला लागू शकतात. आपल्याकडे तर सगळं डेस्कटॉपवरच असतं! व्हॉट्सॲपवर आलेलं आधार, पार्टीचं बॅलन्स शीट, सगळं. ते तुमच्या नकळत अकाउंटवर जातं.

आता हे अकाउंट कोणाचं, ते बघा. गांधीबागेतल्या एका कापडवाल्या दादांनी नवा लॅपटॉप आणला, हिशेबाचं टॅली टाकून हवं होतं म्हणून माझ्याकडे आले. मी सेटिंग्ज उघडून 'अकाउंट्स'मध्ये 'युवर इन्फो' बघितलं तर तिथे भलताच ईमेल. लॅपटॉपच्या दुकानातल्या मुलाने तो सुरू करून देताना घाईत स्वतःचं अकाउंट घातलं होतं. त्यात वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. पण त्या क्षणापासून दादांच्या डेस्कटॉपवर येणारी प्रत्येक फाइल एका अनोळखी मुलाच्या वनड्राइव्हवर जात होती. आणखी एक: नव्या विंडोज ११ मध्ये अशा लॉगिनबरोबर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊ शकते, आणि ती उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. उद्या लॅपटॉप अडला की दादा किल्ली मागायला कोणाकडे जाणार? आम्ही तिथेच त्यांचं स्वतःचं लॉगिन केलं, ते अकाउंट काढलं आणि की कागदावर लिहून त्यांच्या तिजोरीत ठेवली. हा लेख वाचून बाकी काही केलं नाही तरी 'युवर इन्फो' आजच उघडून बघा.

वनड्राइव्ह बंद करायचं तर टास्कबारवरच्या निळ्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', मग 'मॅनेज बॅकअप'. तिन्ही फोल्डर बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसला तर घाबरू नका. फायली उडालेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या 'डेस्कटॉप'मध्ये राहतात. तिथून उचलून परत आपल्या जागी आणा, उघडून तपासा, आणि मगच वेबसाइटवर जाऊन ढगातली प्रत काढा. हा क्रम उलटा करू नका.

बाकीचं लवकर उरकतं. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डायग्नॉस्टिक्स'खाली ऐच्छिक माहिती पाठवणं बंद करा. आवश्यक म्हणून जी माहिती जाते ती होम आणि प्रोमध्ये बंद करता येत नाही, ते स्वीकारावं लागतं. जाहिरातीचा आयडी बंद. लोकेशन, कॅमेरा, माइक कोणकोणत्या ॲपला दिलंय ते बघून नको ते काढा. कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय सहायकात पार्टीचं नाव, पॅन, रक्कम लिहायची नाही. जे लिहाल ते बाहेरच्या सर्व्हरवर जातं.

दिवस निवडा

जीएसटीवाल्यांनी १० ते २० तारखेच्या मध्ये अपग्रेडला हात लावू नये. ११ ला एक रिटर्न, २० ला दुसरं, आणि ऐन वेळी डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन ओळखलं गेलं नाही तर कोणाला दोष देणार? जुलैचा शेवटही नकोच. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मारबतीचा सण धरला. महाल-इतवारीत मिरवणुकीमुळे रस्ते भरलेले असतात, पार्ट्या फिरकत नाहीत, फोनही कमी. मेच्या उन्हात करू नका, कारण दुपारी लाइट गेली आणि बॅटरी बसली तर मशीन अर्ध्यावर अडकायचं.

आदल्या दिवशी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. टॅलीचा बॅकअप वेगळा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची की लिहून घ्या. टोकनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून ठेवा.

अपग्रेड करताना फॉरमॅट मारू देऊ नका. कोरं अकरा टाकलं तर होम आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागते. दहावरूनच विंडोज अपडेटमधून वर गेलात आणि तुमचं लॉगिन आधीपासून लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटशिवायचं, असेल, तर ते लोकलच राहतं. माझ्यासाठी या एका गोष्टीने पारडं फिरलं. पटलं नाही तर 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'गो बॅक' असं करून १० दिवसांत मागे जाता येतं. तोवर जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका.

माझ्याकडे असं ठरलं. टेबलावरचा अकराव्या पिढीचा लॅपटॉप अकरावर गेला, लोकल लॉगिन, वनड्राइव्ह बंद. टॅली, डीएससी आणि रिटर्नचं सगळं काम त्यावरच. सासूबाईंच्या लॅपटॉपला घरगुती मुदतवाढ घेतली. तिथे फोटो ढगात गेलेले उलट हवेच आहेत, डिस्क गेली तर नातवाचं बारसं तरी राहील. सहायक बसते तो डेस्कटॉप सातव्या पिढीचा, अपात्र. त्याची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली, नवी एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे आणि अकाउंट मागत नाही. त्यावर पत्रं टाइप होतात, स्कॅन होतात, पोर्टल उघडतात. पहिला आठवडा ती कुरकुरली, कारण मराठीचा कीबोर्ड नव्याने बसवावा लागला आणि जुन्या फॉन्टमधली पत्रं उघडली की अक्षरं भलतीच दिसायची. ती पत्रं आता आम्ही युनिकोडमध्ये करून घेतोय, जसजशी लागतील तसतशी. कपाटातली जुनी डिस्क त्यातली प्रत्येक पार्टीची फाइल जुळवून झाली की पूर्ण पुसणार, आणि पुसल्याशिवाय ती भंगारवाल्याला देणार नाही.