२,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे हे कागदावर कसे पडताळावे

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ असल्याचे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ पर्यंत सिद्ध केले होते आणि पुढे अनेक दशके तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती. त्यांचा मार्ग आजही कागद-पेन्सिल घेऊन चालता येतो.

या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० पेक्षा किंचित मोठे आहे. त्यामुळे तिला १ व्यतिरिक्त लहान विभाजक असेल, तर त्यांपैकी एक मूळ विभाजक या मर्यादेच्या आतच सापडला पाहिजे. तरीही तेवढ्यात सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. म्हणून भागाकाराला बसण्यापूर्वी त्यांतील बहुतेक गाळून टाकाव्यात.

समजा, मूळ संख्या क ही विभाजक आहे. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यास बाकी १ उरते, आणि ३१ ही स्वतः मूळ असल्यामुळे त्याहून लहान कोणत्याही घाताला ती उरत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (क − १) व्या घाताचीही बाकी १ असते, म्हणून (क − १) ला ३१ ने नि:शेष भाग जातो. क विषम असल्याने ६२ नेही जातो. शिवाय आपल्या संख्येची दुप्पट म्हणजे २ च्या १६ व्या घाताचा वर्ग उणे २. म्हणजे एका वर्गाला क ने भागल्यास बाकी २ उरते. विषम मूळ संख्येबाबत असे घडते तेव्हा तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च असू शकते, हा एक सिद्ध नियम आहे. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे. या एका निष्कर्षाने ४,८०० चे काम सुमारे ऐंशी संख्यांवर येते, आणि माझ्या मते संपूर्ण रीतीचे सौंदर्य इथेच आहे. यादी ३११, १३०३, १४८९ अशी सुरू होते.

प्रत्येक वेळी दहा अंकी भागाकार मांडू नये. वर्ग करत जावे आणि दर पायरीला बाकी घ्यावी. ३११ साठी २ चा आठवा घात २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी, म्हणून बाकी −५५ धरावी. त्याचा वर्ग ३०२५, बाकी −८५. पुन्हा वर्ग ७२२५, बाकी ७२. ही ३२ व्या घाताची बाकी झाली, म्हणून ३१ व्या घाताची ३६. ती १ नाही, तेव्हा ३११ बाद. ऋण बाकी वापरल्याने आकडे लहान राहतात आणि चुका कमी होतात.

यादी हाती घेण्यापूर्वी २ च्या २३ व्या घातावर हात बसवून घ्यावा. तेथे ४७ ने भागल्यास सहाव्या घाताची बाकी १७, बाराव्याची ७, चोविसाव्याची २ आणि म्हणून तेविसाव्याची १ येते. अर्थात ८३,८८,६०७ ला ४७ ने नि:शेष भाग जातो.