चालताना गाडीनं उडवलं तर कोल्हापुरात दाद कशी मागायची

कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात मी एका वकील बाईंकडं कारकुनी करते. मोटार अपघाताचे क्लेम हे आमच्या ऑफिसचं मुख्य काम. पक्षकारांत चालत जाणारी माणसं बरीच असतात. पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलेले आजोबा, दाभोळकर कॉर्नरला रस्ता ओलांडणारी कॉलेजची मुलगी, गंगावेशीतून भाजी घेऊन घराकडं निघालेल्या मावशी. यांतले बहुतेक आमच्याकडं येतात ते तीन-चार महिन्यांनी, प्लास्टर निघाल्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून. तोवर त्यांच्या केसचं बरंवाईट पहिल्या आठवड्यातच ठरून गेलेलं असतं. म्हणून वकिलाबद्दल सांगायच्या आधी मी त्या पहिल्या आठवड्याबद्दल सांगणार आहे.

जागेवर मिटवू नका

माणूस रस्त्यावर पडलेला असतो, भोवती गर्दी जमते आणि दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतं, "मावशी, पोरगं चुकलं, पदरात घ्या. औषधपाण्याचं तो बघतोय." मुलगा रडकुंडीला आलेला असतो. आपल्या माणसांचं मन मोठं. हाताला थोडे पैसे लागतात आणि गाडी निघून जाते. संध्याकाळी घोटा सुजतो, एक्स-रेत हाड मोडलेलं दिसतं, प्लेट घालायला सांगतात, आणि त्या मुलाचा फोन बंद लागतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. भरपाई त्या मुलाच्या खिशातून जात नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि पायी चालणारा हाच तो थर्ड पार्टी. त्याचा हप्ता गाडीमालकानं आधीच भरलेला असतो. तुम्ही दावा केला तर पैसे विमा कंपनी देते. मुलाकडं लायसन नसलं, तरी कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. विमाच नसेल तर मात्र मालकावर येतं. तेव्हा "गरिबाच्या पोराला कशाला अडकवायचं" म्हणून गप्प बसू नका. आमच्याकडं येणारा जखमी कित्येकदा त्या पोरापेक्षा गरीब असतो.

जागेवर करायचं ते एवढंच. गाडीचा नंबर लिहून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा, नंबरप्लेटसकट. मदतीला धावलेल्या एखाद्या माणसाचं नाव आणि फोन घ्या. त्याला सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून त्याच्यामागं काही लागत नाही. 112 ला फोन करा, ॲम्ब्युलन्ससाठी 108. आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणाला तरी त्या चौकातल्या दुकानांत पाठवा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं. दुकानदाराला विनंती करून ते जपून ठेवायला सांगा आणि तपासी अंमलदाराला, म्हणजे तपास करणाऱ्या पोलिसाला, ते ताब्यात घेण्यासाठी लेखी अर्ज द्या.

केसपेपरवरची एक ओळ

सगळ्यात जास्त नुकसान मी इथं होताना पाहिलंय. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय झालं? नातेवाईक पोलिसांचं झंझट नको म्हणून सांगतात, "घसरून पडल्या." डॉक्टर तसंच लिहितात. पुढं दोन वर्षांनी उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील तोच केसपेपर हातात देतात आणि विचारतात, "यावर 'घसरून पडल्या' असं लिहिलंय, बरोबर?" त्या क्षणी साक्षीदाराचा चेहरा कसा पडतो ते मी पाहिलंय. अपघात खरा, हाड खरं मोडलेलं, खर्च खरा, आणि तरी एका ओळीमुळं सगळ्यावर शंका.

म्हणून पहिल्याच कागदावर खरं लिहून घ्या: कोणत्या जागी, साधारण किती वाजता, कोणत्या प्रकारच्या गाडीनं धडक दिली आणि माहीत असेल तर नंबर. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, नेलं तर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होते. खासगी दवाखान्यात नेलं असेल तर "एमएलसी केली का?" असं स्वतः विचारा आणि नंबर लिहून घ्या. खरं सांगण्याचा लगेच होणारा फायदाही आहे. केंद्र सरकारच्या 2025 च्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत मोफत उपचार मिळतात. त्यासाठी हा रस्ते अपघात आहे याची पोलिसांकडून खात्री व्हावी लागते. "घसरून पडल्या" लिहिलं की ती वाट तिथंच बंद होते.

फिर्याद

हद्द कोणाची यावरून कधीकधी घोळ होतो. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, राजारामपुरी, करवीर, हायवेकडं गेलात तर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो नंतर योग्य ठाण्याकडं पाठवता येतो. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जखमी बेशुद्ध असेल तर घरच्या माणसानं फिर्याद दिली तरी चालते.

फिर्यादीत वाक्यं छोटी आणि खरी ठेवा. रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालत होता, झेब्रा क्रॉसिंग होतं का, फुटपाथ होता का, गाडी कुठून आली. फुटपाथवर गाड्या लागल्या होत्या म्हणून खाली उतरावं लागलं असेल तर तेही लिहा. आपल्या शहरात हे किती ठिकाणी खरं आहे ते सांगायला नको. "चालणाऱ्याचीच चूक" हा कंपनीचा ठरलेला बचाव असतो आणि त्याचं उत्तर फिर्यादीत आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात असावं लागतं.

1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणं पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं, म्हणजे हे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडं, आणि विमा कंपनीकडं पाठवायचा असतो. हा सविस्तर अहवाल न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणूनही धरू शकतं. तरी आम्ही पक्षकाराला त्याच्यावर विसंबून राहू देत नाही, स्वतंत्र अर्ज दाखल करतो. तुम्ही तपासी अंमलदाराकडं दोन्ही अहवालांची चौकशी मात्र करत राहा.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर वेगळी योजना आहे: गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला 2 लाख. अपघात जिथं झाला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते.

वकील

दावा दाखल करायला कायद्यानं अपघातापासून 6 महिने दिलेत. या मुदतीवरून सुप्रीम कोर्टात वाद सुरू आहे, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. आणि 6 महिने उलटले म्हणून घरीही बसू नका, वकिलाला विचारा. दावा तुम्ही राहता तिथं, अपघात झाला तिथं किंवा समोरचा राहतो तिथं चालतो. कोल्हापूरच्या माणसाला पुण्यात गाडीनं उडवलं तरी दावा इथं लावता येतो.

दवाखान्यात खाटेपाशी येऊन "आमच्या साहेबांकडं द्या, एक रुपया नको, निकालानंतर इतके टक्के" असं म्हणणारी माणसं भेटतील. त्यांना नम्रपणे परत पाठवा. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि माणसं पाठवून केस गोळा करणंही नाही. अडचणीतल्या माणसाला "आता काही देऊ नका" हे ऐकायला बरं वाटतं, हे मला कळतं. पण निकाल लागतो तेव्हा सुनेच्या ऑपरेशनचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेलेले असतात, असंही मी पाहिलंय.

चांगला वकील ओळखायचा तर त्याला विचारा: तुम्ही अपघाताचे दावे स्वतः चालवता का, डॉक्टरांची साक्ष कोण घेणार, फी किती आणि कोणत्या टप्प्याला. फीची पावती मागा. सही फक्त वकीलपत्रावर आणि वाचून दाखवलेल्या अर्जावर करा. कोऱ्या कागदावर नाही, कोऱ्या चेकवर तर नाहीच. कागदांची झेरॉक्स द्या, अस्सल प्रती दाखल करायची वेळ येईपर्यंत घरी ठेवा. दावा दाखल झाला की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, दर वेळी आमच्यासारख्यांना फोन करावा लागत नाही. वकिलावर विश्वास उरला नसेल तर ना-हरकत घेऊन वकील बदलता येतो, तो तुमचा हक्क आहे.

फी परवडत नसेल तर याच न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर. साधा अर्ज आणि आधार घेऊन जा. 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. मोफत म्हणजे दुय्यम, असं समजून बायका तिथं जायला लाजतात. लाजू नका, ती मदत तुमच्यासाठीच ठेवलेली आहे.

आकडा कशावर ठरतो

दवाखान्याची बिलं हा हिशेबाचा फक्त एक भाग. बुडालेला रोजगार, रिक्षाचं भाडं, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, पोषक आहार, सोसलेल्या वेदना, पुढं प्लेट काढायला लागणारं ऑपरेशन, आणि सगळ्यात मोठा भाग म्हणजे कायमच्या अपंगत्वामुळं घटलेली कमाई. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं 2025 मध्ये स्पष्ट केलंय.

कमाईचा हिशेब उदाहरणानं सांगते. समजा, कोल्हापुरी चपला करणारे 42 वर्षांचे एक कारागीर आहेत, महिना 15 हजार कमावतात. गुडघ्याला मार बसला. डॉक्टरांच्या दाखल्यात अपंगत्व 20 टक्के. 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणं 41 ते 45 वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्या आकड्यानं गुणतात तो) 14. वर्षाचे 1 लाख 80 हजार, गुणिले 14, म्हणजे 25 लाख 20 हजार. त्याचे 20 टक्के 5 लाख 4 हजार. पण हे कारागीर दिवसभर मांडी घालून बसतात, चामडं पायाखाली दाबून धरतात. गुडघा दुमडत नसेल तर त्यांचं काम 20 टक्के नाही, त्याहून कितीतरी जास्त बंद पडलं. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं: अवयवाचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमाईचं नुकसान 40 टक्के धरलं तर आकडा 10 लाख 8 हजार होतो. हे पटवायचं तर ते काम कसं करतात याची साक्ष हवी, कामाच्या जागेचा फोटो हवा आणि उपचार करणारे डॉक्टर कोर्टात यायला हवेत. नुसता दाखला पुरत नाही.

पगाराची स्लिप नसणाऱ्यांनी घाबरू नये. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पावत्या, बचत गटाचं पासबुक, यूपीआयचा हिशेब, कपिलतीर्थला शेजारी बसणाऱ्या भाजीवालीची साक्ष, सगळं चालतं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही कोर्ट पैशात मोल लावतं. तिनं जबाबात "मी काही करत नाही" असं म्हणू नये. स्वयंपाक, पाणी भरणं, म्हशीची धार, सासऱ्यांचं आजारपण, जे करत होता ते सगळं सांगा.

चूक कोणाची हे सिद्ध करणंच अवघड असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला 5 लाख अशी ठरलेली रक्कम मिळते. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. पण ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून आधी वकिलाशी बोला.

तडजोड, निकाल आणि पैसे

राष्ट्रीय लोकअदालतीत बरेच दावे मिटतात आणि ते चांगलंच आहे, कारण पैसे लवकर हातात येतात. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. डॉक्टरांनी "आता आणखी ऑपरेशन नाही" असं सांगेपर्यंत आकड्याला होकार देऊ नका. निकाल कमी वाटला तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं पीठ) कोल्हापुरातच, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आहे. मुंबईला जायचा खर्च वाचला.

निवाड्यानंतर कंपनीनं 30 दिवसांत रक्कम भरायची असते, व्याजासह. कोर्ट बऱ्याचदा त्यातला काही भाग मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. उपचारासाठी लागले तर अर्ज करून ठेव मोडता येते. पासबुकाची झेरॉक्स देताना खातं जखमी व्यक्तीच्याच नावावर आहे ना, ते चालू आहे ना आणि मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, एवढं बँकेत जाऊन आधी तपासून घ्या.