मल्टिपार्ट उत्तरातून जोडलेल्या फाइली काढताना

नागपुरात मिहानमधल्या एखाद्या गोदामाची स्क्रिप्ट वेब सेवेकडून पावत्या मागवते, तेव्हा एक्सएमएल आणि पीडीएफ एकाच मल्टिपार्ट, म्हणजे अनेक भागांच्या, उत्तरात येतात. बाउंड्रीवर, म्हणजे भाग वेगळे करणाऱ्या खुणेवर, स्वतः तुकडे पाडण्याच्या भानगडीत पडू नये. उत्तराचा कंटेंट-टाइप हेडर (मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ), बाउंड्रीसकट, बाइट्सच्या आरंभी जोडून, मध्ये एक रिकामी ओळ सोडून, सगळे पायथनच्या ईमेल मॉड्यूलमधील बाइट्स-पार्सरकडे सोपवावे, कारण ही मांडणी मुळात ईमेलचीच आहे. एक्सएमएलमधील जोडलेल्या फाइलीचा दुवा ‘सीआयडी:’ने सुरू होतो, तर त्या फाइलीच्या भागावरील ओळखीभोवती, म्हणजे कंटेंट-आयडीभोवती, कोनी कंस असतात; दोन्ही काढून, दुव्यात टक्केचिन्हाच्या संकेताने लिहिलेली अक्षरे मूळ रूपात उलगडूनच जुळणी करावी. फाइल बायनरी मोडमध्येच, म्हणजे बाइट्स न बदलता, लिहावी. पाठवणाऱ्याने दिलेले फाइलनाव मात्र जसेच्या तसे मुळीच वापरू नये, त्यातील ‘../’ फाइलला भलत्याच फोल्डरात नेऊ शकते.