बागेतलं उरलेलं बांधकाम वापरात आणताना या चुका टाळा

सार्वजनिक बागेचं काम संपलं तरी मागे काहीतरी उरतंच. अर्धवट सोडलेला चौथरा, कोरडं कारंजं, पाडलेल्या खोलीचं जोतं, कोपऱ्यातला राडारोडा. 'टाकून कशाला द्यायचं?' हा प्रश्न रास्त आहे. घोळ होतो तो आधी 'इथे व्यासपीठ करू' असं ठरवून मग त्याला साजेसं बांधकाम शोधल्यामुळे. उलट क्रमाने जा.

'दणकट दिसतंय, चालेल'

सर्वांत महागात पडणारी चूक ही. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण 2400 किलो असतं. म्हणजे जुन्या चौथऱ्यावर 10 सेंटिमीटरचा नवा थर ओतला की दर चौरस मीटरवर 240 किलो वाढले, माणसं उभी राहण्याआधीच. चौथरा भरावावर टेकलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण खाली जुनी टाकी असेल तर तो चौथरा नव्हेच, ते टाकीचं झाकण आहे. जुने नकाशे मिळवा. मिळाले नाहीत तर एका कडेला खणून बघा.

हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज ठीक. जिथे बद्द आवाज येतो तिथे आतला थर सुटलेला असतो. सळईच्या रेषेत भेग आणि तांबूस ओघळ दिसले, तर आत गंज चढलाय असं समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर गिलावा करून रंग दिला की उद्घाटनापुरतं छान दिसतं. पुढे तोच गिलावा पोपडे होऊन खाली येतो. सुटलेला भाग काढून सळई उघडी करा, गंज खरवडा, मगच दुरुस्ती. सळई बारीक झाली असेल तर निर्णय अभियंत्याचा, समितीचा नाही.

राडारोडा झाडांच्या बुंध्याशी

अशा जागी झाड लावल्यावर काही महिन्यांत पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. माळी खत वाढवतो, फरक पडत नाही. सिमेंट आणि चुन्याच्या तुकड्यांमुळे माती अल्कधर्मी होते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. शक्य तितका राडारोडा उपसा, चांगली माती भरा. फोडलेलं काँक्रीट वाफ्यात नको, पायवाटेखालच्या थरात चालतं. चुन्यात बांधलेल्या विटा सहसा अख्ख्या सुटतात, सिमेंटमधल्या बहुधा फुटतात; अंदाजपत्रकात 'सर्व विटा पुनर्वापर' लिहिणाऱ्याने आधी दहा विटा सोडवून बघाव्यात.

मुलांसाठी काहीतरी हवंच, म्हणून

मोठा सिमेंटचा पाइप म्हणजे बोगदा, हे सगळ्यांना सुचतं. चूक फटींमध्ये होते. सुमारे 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटीतून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं, म्हणून फट याहून लहान तरी हवी किंवा मोठी तरी. बाहेर आलेल्या सळया नुसत्या वाकवू नका. पृष्ठभागाच्या आत कापून वर मसाला भरा.

जुन्या हौदात वाळू टाकून खेळायची जागा करायची असेल, तर आधी हौद पाण्याने भरा आणि रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते बघा. पाणी तसंच राहिलं तर तुम्ही डासांची सोय करताय.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापू, फोडू किंवा घासू नका. ते काम प्रशिक्षित माणसांचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये. क्रिओसोट (लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल) मुरवलेले लाकडी रेल्वे स्लीपर बाकांना नकोत, भाजीच्या वाफ्याला तर मुळीच नाहीत.

प्रत्येक गोष्टीचा उपयोग झालाच पाहिजे, हा हट्ट

जर्मनीतल्या ड्युइसबर्गमध्ये 1985 ला बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं उद्यान झालं. तिथल्या गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात आणि जाड भिंतींवर गिर्यारोहक चढतात. टाकी टाकीच राहिली, भिंत भिंतच. सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये बॉयलरघराचा सहलीसाठी निवारा झाला, पण मोठे मनोरे बहुतांशी कुंपणाआड नुसते उभे आहेत. बघायला ठेवणं हाही उपयोगच. आणि पाडणं हाही एक पर्याय आहे. तो यादीत नसेल तर चर्चा अर्धवटच.

पक्कं काम काढण्याआधी चौथऱ्यावर सुट्या खुर्च्या ठेवा, खडूने रेघा आखा आणि दोन महिने बघा. भर दुपारी उन्हात तापणाऱ्या जागी कोणी बसत नाही, हे नकाशावर दिसत नाही.

राहिली ढिगातली सिमेंटची पोती. साठवलेल्या सिमेंटची ताकद तीन महिन्यांनंतर बरीच घटलेली असते. बोटांनी न चुरणारे गोळे झाले असतील तर ते पोतं भार घेणाऱ्या कुठल्याही कामात घालू नका, ठेकेदार कितीही म्हणो.